मदत हवी आहे : दापोली-गुहागरकडे गहू पूर्ण वर्ज्य असलेल्या मुलीसाठी घरगुती निवास

सप्रेम नमस्कार. माझ्या ११ वर्षांच्या मुलीला सीलिॲक आजार (गहू-जवातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) असल्यामुळे गहू, जव आणि गव्हाचा रवा, मैदा, शेवया हे सर्व तिला कायमचे वर्ज्य आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही चार दिवस दापोली किंवा गुहागरला राहू इच्छितो. तांदळाची भाकरी, घावन, मोदक हे कोकणात घरोघरी होत असल्याने शहरातल्या हॉटेलपेक्षा तिथेच तिचे पोट नीट भरेल, असे मला मनापासून वाटते.

खरी अडचण स्वयंपाकघरात येते. गेल्या वर्षी एका ठिकाणी आधी सगळे सांगूनही भाकरी पोळ्यांच्याच तव्यावर भाजली गेली आणि मुलगी दोन दिवस पोटदुखीने अंथरुणावर होती. यजमान अतिशय प्रेमळ होते. परातीला लागलेले चिमूटभर पीठही बाधते, हे त्यांना ठाऊक नव्हते. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते, भाजणीत आणि वड्यांच्या पिठातही पुष्कळदा गहू घालतात, शिवाय पुऱ्या तळलेल्या तेलातच पापड तळले जातात, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

तवा आणि परात वेगळी ठेवणारे, किंवा आम्ही नेलेला तवा व तांदळाचे पीठ वापरू देणारे कुटुंब आपल्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. यजमानांना न दुखावता हे फोनवर कसे समजावून सांगावे, याबद्दलही ज्यांच्या घरी असेच पथ्य आहे त्यांनी लिहिल्यास फार आधार वाटेल.