मदत हवी आहे: दूरच्या वस्त्यांसाठी वेगळा वीजदर लावण्याचा ठराव आला आहे, सभेपुढे काय मांडावे?

नमस्कार.

एका ग्रामीण वीज सहकारी संस्थेचे अध्यक्षपद माझ्याकडे येऊन अद्याप वर्ष झालेले नाही. आमची संस्था वीजनिर्मिती करीत नाही. मोठ्या पुरवठादाराकडून घाऊक वीज घेऊन ती आपल्या उपकेंद्रातून ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) वाहिन्यांनी सभासदांपर्यंत पोहोचवते. उपकेंद्राच्या आसपास दाट वस्तीची गावे आहेत. एक वाहिनी मात्र जंगल आणि डोंगराची धार ओलांडून अगदी टोकाच्या चार वस्त्यांपर्यंत जाते, आणि तिच्यावर खांब पुष्कळ असले तरी मीटर फार थोडे आहेत.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी जवळच्या गावांतील काही सभासदांनी ठराव दिला आहे की, या चार वस्त्यांना प्रतियुनिट वेगळा, चढा दर लावावा आणि तो त्यांना मान्य नसल्यास त्यांचा पुरवठा ठरावीक तासांपुरताच ठेवावा. संस्थेची वीजगळती वाढली आहे, घाऊक खरेदीचे बिल दोनदा मुदतीनंतर भरावे लागले आहे, आणि याचे कारण ती लांबलचक वाहिनीच आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. ठराव देणारे सभासद संस्थेच्या काळजीपोटीच बोलत आहेत, हे मी जाणतो. त्यांतील दोघांनी संस्था उभी राहावी म्हणून घरोघरी फिरून भागभांडवल गोळा केले होते. पण त्याच वेळी टोकाच्या वस्त्यांतील माणसांनीही भाग घेतले होते आणि आपल्या वाहिनीच्या खांबांचे खड्डे स्वतः खणले होते. सहकारी संस्थेत ती माणसे गिऱ्हाइके नाहीत, आपल्याइतकीच मालक आहेत, असे मी मनापासून मानतो.

मात्र केवळ भावनेवर घाऊक बिल भरता येत नाही, हेही मला कळते. एक सभासद एक मत या नियमामुळे ठराव मतास टाकला तर तो मंजूर होईल, कारण चारही वस्त्यांची मते मिळून जवळच्या एका गावाइतकीसुद्धा होत नाहीत. आमच्याकडे गळतीचा एकच आकडा आहे: उपकेंद्रात आलेले युनिट वजा बिल झालेले युनिट. ती गळती नेमकी कोठे होते, हे आम्ही कधी मोजलेले नाही. तेव्हा लांब वाहिनीमुळे खरोखरच किती तोटा होतो हे कसे ठरवावे, दूरच्या सभासदाचा जादा खर्च सर्वांनी मिळून उचलावा की त्याच्यावरच टाकावा, आणि हा विषय मतदानाने दुफळी न माजता सभेपुढे कसा आणावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

*प्रतिसाद १*

मी वीज वितरणात अभियंता म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. आपल्या सभासदांचा तर्क स्वाभाविक आहे; पण वाहिनी लांब म्हणून गळती जास्त, असे थेट समीकरण मांडता येत नाही. तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज तारेच्या रोधाच्या (विजेला होणाऱ्या अडथळ्याच्या) पटीत वाढते, परंतु प्रवाहाच्या वर्गाच्या (प्रवाह गुणिले प्रवाह) पटीत वाढते. समजा, एकाच जाडीच्या तारांच्या दोन वाहिन्या आहेत. एक दुसरीपेक्षा दहापट लांब आहे आणि तिच्यातून दुसरीच्या एक दशांशच प्रवाह जातो. लांबीमुळे तिचा रोध दहापट होईल, पण प्रवाहाच्या वर्गामुळे गळती शंभराव्या हिश्श्यावर येईल; म्हणजे ती लांब वाहिनी आखूड वाहिनीच्या फक्त एक दशांश वीज वाया घालवील. याउलट दाट गावात एकाच रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) जोडण्या वाढवत नेल्या असतील आणि लघुदाबाच्या तारा गल्लीबोळांतून दूरवर ओढल्या असतील, तर खरी गळती बहुधा तेथे सापडते. संध्याकाळी त्या गावाच्या शेवटच्या घरातील विजेचा दाब (व्होल्टेज) मोजून पाहा. तो बराच खाली गेलेला असेल, तर दुरुस्तीची सुरुवात तेथूनच करावी लागेल.

दूरच्या वस्त्यांच्या विरोधात जाणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. रोहित्रावर भार असो वा नसो, त्याच्या गाभ्यात चोवीस तास काही वीज खर्च होतच राहते. थोड्या घरांसाठी मोठे रोहित्र बसवलेले असेल, तर हा निष्क्रिय खर्च विकलेल्या युनिटांच्या मानाने डोळ्यांत भरण्याइतका होतो. मोटारी व गिरण्या नसतील तेथे लहान, एकफेजी रोहित्र पुरते, आणि काढलेले मोठे रोहित्र आपल्या जादा भार असलेल्या गावात उपयोगी पडेल.

म्हणून पहिले काम मोजणीचे. लांब वाहिनी जेथे वेगळी निघते तेथे एक मीटर आणि प्रत्येक रोहित्रावर एक मीटर बसवा, सर्व वाचने बिलाच्या वाचनाच्या दिवशीच घ्या, आणि किमान तीन महिने तुलना करा. वाचनांच्या तारखा जुळल्या नाहीत तर सगळा हिशेब फसवा निघतो. ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. मीटर बसवताना पुरवठा बंद केल्याचा लेखी परवाना, तारांची तपासणी आणि दोन्ही बाजूंचे अर्थिंग (तारा जमिनीशी जोडणे) याखेरीज कोणालाही खांबावर चढू देऊ नका. सभेची तारीख जवळ आली म्हणून येथे घाई करू नये, ही कळकळीची विनंती.

*प्रतिसाद २*

गळतीचे उत्तर वर आले आहे. खर्चाच्या वाटपाविषयी मी लिहितो, कारण या प्रश्नाला जुना इतिहास आहे. १९३५ मध्ये अमेरिकेत ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले, तेव्हा तेथील शंभरांपैकी जेमतेम दहा शेतघरांत वीज होती. विरळ वस्तीत वाहिनी टाकणे खाजगी कंपन्यांना परवडणारे वाटत नव्हते. सहकारी संस्थांनी ते काम उचलले. आजही तेथे सहकारी संस्थांच्या वाहिनीवर मैलाला सरासरी सुमारे ८ ग्राहक असतात, तर खाजगी कंपन्यांच्या वाहिनीवर त्याच्या कित्येक पट. या संस्थांनी तत्त्व असे स्वीकारले की एकदा क्षेत्र घेतले की त्यातील फायद्याची घरे निवडून घ्यायची नाहीत. सर्वांना वीज द्यायची. हे तत्त्व सोडल्यास सहकारी संस्था आणि खाजगी कंपनी यांत फरक उरत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पण आपल्याकडची दुसरी बाजूही सभेत सांगा. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झाल्यानंतर देशात ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या, त्यांत श्रीरामपूरची मुळा-प्रवरा आणि बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी या दोन होत्या. हुक्केरीची संस्था चालू राहिली. मुळा-प्रवरेची घाऊक खरेदीची थकबाकी साचत गेली आणि २०११ मध्ये तिच्या क्षेत्रातील वितरण महावितरणकडे गेले. घाऊक बिल दोनदा उशिरा जाणे म्हणूनच किरकोळ मानू नये.

माझी सूचना अशी की युनिटचा दर सर्वांना एकच ठेवा आणि खांब, तारा, झाडांची छाटणी, गस्त व घसारा हा खर्च स्थिर आकारात वेगळा दाखवा. तो एकत्र करून सर्व सभासदांवर वाटला, तर प्रत्येकाच्या बिलात किती वाढ होते हे आधी काढा. वस्त्या चारच असल्याने ती रक्कम लोकांना वाटते त्याहून बहुधा लहान निघेल. शिवाय उपविधीत विभागवार संचालकांची तरतूद नसेल, तर ती आणा. टोकाच्या वस्त्यांचा एक संचालक मंडळात बसला, तर त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्या गैरहजेरीत होणार नाहीत.

*धागाकर्त्याचा प्रतिसाद*

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आपला सल्ला वाचून मी काल कार्यालयात बसून मागील सहा महिन्यांची वाचन-वही तपासली. उपकेंद्राजवळच्या एका गावात बरेच मीटर बंद असून त्यांची बिले सरासरीवर निघत आहेत. टोकाच्या वस्त्यांतील वाचने मात्र नियमित आहेत, कारण तेथील एक सभासद दरमहा स्वतः वाचने लिहून लाइनमनच्या हाती पाठवतो. ही वही इतके दिवस माझ्या टेबलाशेजारच्या कपाटात होती आणि मी ती उघडली नव्हती, याची मला खंत वाटते.

ठराव मांडणाऱ्या सभासदांना मी उद्या भेटून ही वही दाखवणार आहे आणि तीन महिन्यांची मोजणी होईपर्यंत ठराव पुढे ढकलण्याची विनंती करणार आहे. बंद मीटर बदलण्याचे काम सभेची वाट न पाहता सुरू करीत आहोत. एकच शंका उरते: मीटर बंद असलेल्या काळातील बिलांची दुरुस्ती कशी करावी, जेणेकरून त्या गावातील सभासदांवर एकदम मोठी थकबाकी पडणार नाही आणि संस्थेचेही नुकसान होणार नाही? याचा अनुभव कोणास असल्यास कृपया लिहावे.