क्रोशाच्या कीचेनची गाठ सपाट बसत नाहीये, मदत हवी आहे

मैत्रिणींनो, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून क्रोशाच्या कीचेन करतेय, जोसेफिन नॉट (दोन फासे एकमेकांत ओवून केलेली सपाट शोभेची गाठ) आणि खाली गोंडा. ठाण्यात जांभळी नाक्यावरून कॉटनचा दोरा आणलाय, सुई 2.5 एमएमची. 60 साखळ्या घालून त्यावर मुक्या खांबांची (म्हणजे बुटक्या टाक्यांची) एक ओळ विणते, पण ती पट्टी जिलबीसारखी पीळ घेते, मग गाठीत एकावरून एकाखालून ओवताना कुठली बाजू सुलटी तेच कळत नाही आणि गाठ ओढली की एक फासा मोठा, दुसरा एवढासा. साखळीच्या मागच्या उंचवट्यात सुई घालून बघितलं, पीळ जरा कमी झाला पण पूर्ण गेला नाही. त्यापेक्षा आय-कॉर्ड (विणलेली बारीक नाडी) करू का? ती गोल होते ना, मग गाठ जाड नाही का दिसणार?

आणि गोंडा! 7 सेंमीच्या पुठ्ठ्यावर 30 वेढे घेऊन मानेला घट्ट बांधते तरी दोन दिवस पर्समध्ये राहिला की दोरे सुटे होऊन पिंजतात. टोकांना पाणी घातलेला फेविकॉल लावला तर कडक होईल का? 25 करायच्यात, जेमतेम 4 झाल्यात, त्यातली एकच मनासारखी. कोणी केल्या असतील तर प्लीज सांगा गं.