शोध घ्यायचा की नाही, तिलाच ठरवू द्या

परदेशी दत्तक गेलेली मुलगी शिकवायला नागपुरात आलीच आहे, तर तिनं जन्मदात्रीला शोधावंच, असं काही जण म्हणतात, ते मत मला अजिबात पटलं नाही. आमच्या शाळेत एका सत्रापुरत्या अशाच एक मॅडम आल्या आहेत. सहावीच्या वह्या तपासत असतात, तेवढ्यात कुणीतरी विचारतंच, "सापडली का हो आई?" पेन थांबतो. फार वाईट वाटतं बघून.

शोधायचं असेल तर रस्ता आहे. २०२२च्या दत्तक नियमावलीनुसार १८ वर्षांवरची दत्तक व्यक्ती स्वतः 'कारा'कडे, म्हणजे दत्तकविधानाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, अर्ज करू शकते. तिऱ्हाइताला परवानगी नाही. जन्मदात्रीचा खासगीपणाही जपला जातो, आणि जपायलाच हवा. तिच्या आजच्या घरात कदाचित कुणाला काहीच ठाऊक नसेल. मॅडमना सीताबर्डीला न्या, सावजी खाऊ घाला, वर्गाबद्दल बोला. बाकीचं त्या काढतील तेव्हा ऐका.