मदत हवी आहे: दुपट्याला लाल रंग लागला, रविवारी बारसं आहे

सुईत_दोरा (बुधवार, सकाळी ११.१०)
नणंदेच्या बाळासाठी दुपटं शिवलंय. दीड महिना हाताने धावदोरा घातलाय, मशीन लावलेलं नाही. काल धुतलं तर पांढऱ्यावर जागोजागी लाल-गुलाबी झालं. रविवारी बारसं आहे. काय लावलं की डाग जातील एवढंच सांगा. "आधी कापड धुवून घ्यायचं असतं" हे सांगू नका, ते घरात सगळ्यांनी सांगून झालंय.

तिखटमीठ
आधी कापड धुवून घ्यायचं असतं गं.

कैरी८४
पांढरं आहे ना, मग ब्लीच. पाच मिनिटांत काम.

तिखटमीठ
@कैरी, ब्लीच फक्त पांढऱ्यावर थांबणार आहे का? बाकीची ठिगळं पण पांढरी होतील. आणि बाळाच्या कापडाला ब्लीच? मीठ टाकून रात्रभर भिजत ठेव. आमच्याकडे लुगडी अशीच मिठाच्या पाण्यात पक्की करायचे.

रंगारी_काका
इचलकरंजीला प्रोसेस हाऊसमध्ये बावीस वर्षं काढली म्हणून बोलतो. मीठ कापड रंगवताना टाकतात, रंग धाग्यावर चढावा म्हणून. सुतावर तो पक्का होतो सोड्याने, आणि तेही रंगकामाच्या वेळीच. दुकानातून आणलेल्या कापडावर घरी मीठ टाकून काही होत नाही. ताई, आधी हे सांगा: कापडं कुठली? आत काय भरलंय? धुतल्यावर वाळवलं का? आत्तापर्यंत काय काय लावून झालंय?

सुईत_दोरा
वर लाल खण, हिरवी इरकल, पांढरं धोतर (आजेसासऱ्यांचं, त्यामुळे ब्लीच शक्य नाही). आत माझ्या आईच्या दोन सुती साड्या. खण नवा, बाकी सगळं जुनं. रंग खणाचाच उतरलाय हे उघड आहे. तो काढायचा कसा ते सांगा ना.

वाकळवाली
छान! पण साड्या भरल्या म्हणजे ही वाकळच झाली. आमच्या कोल्हापूरकडे वाकळच म्हणतात.

शनिवारातली
बाळाचं ते दुपटं. गोधडी मोठ्यांची. वाकळ हा शब्द आमच्याकडे ऐकलेला नाही.

वाकळवाली
तुमच्याकडे ऐकलेला नाही म्हणजे तो नाहीच का? नवरात्राच्या आधी पंचगंगेवर जा, अख्खा घाट वाकळांनी भरलेला असायचा. दगडावर आपटून धुवायच्या, ओली वाकळ पिळायला दोघी लागायच्या.

घाटावरचा
अगदी! आमच्या आजीची पाच लुगड्यांची होती. पाणी प्यायली की रेड्यासारखी जड. मी आणि चुलतभाऊ टोकं धरून उलटसुलट पिळायचो आणि शेवटी दोघंही नदीत.

सुईत_दोरा
कृपया. रविवार.

मिनेसोटाची_माई
इथे आमच्या क्विल्टिंगच्या गटात हे दर महिन्याला कुणाचं तरी होतं. पहिल्याच धुण्यात रंग पकडणारा कागद टाकायचा, सुटलेला रंग तो ओढून घेतो. ऑनलाइन मिळेल. खरं म्हणजे आतमध्ये साड्यांऐवजी सुती वॅडिंग (आत भरायचा तयार थर) घातलं असतंस तर टाके सरळ आले असते आणि...

तिखटमीठ
टाके वाकडे आहेत असं ती कुठे म्हणाली?

नवा_बाबा
आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला झोपेत सुटं पांघरूण घालायचं नाही, नाक-तोंड झाकण्याचा धोका असतो. गोधडी, उशी काहीच पाळण्यात नको. तेव्हा डागांपेक्षा याचा विचार करा.

सुईत_दोरा
अंथरायचं आहे, पांघरायचं नाही. बाळ वर लोळणार आहे.

रंगारी_काका
वाळवलं का, काय लावलं, ही उत्तरं राहिली.

सुईत_दोरा
सासूबाईंनी तुरटी लावायला सांगितली, ती लावली. मग व्हिनेगर. मग दिवसभर गॅलरीत पंख्याखाली. पाऊस आहे त्यामुळे दमटच राहिलं, म्हणून अर्ध्यावर इस्त्री फिरवली.

रंगारी_काका
अरे देवा. इस्त्री थांबवा. तुरटी झाडापानांच्या रंगांना लागते, मंजिष्ठा वगैरे. व्हिनेगर लोकर-रेशमाच्या आम्लाच्या रंगात चालतं. सुतावरच्या बाजारी रंगाला दोन्हीचा उपयोग नाही. वाळलं आणि तापलं की उतरलेला रंग नव्या जागी घर करतो. पण एका इस्त्रीने सगळं संपत नाही, घाबरू नका. आता खणाचं सांगा: सुती, रेशमी की भलतंच? रेशीम असेल तर कढत पाणी मी सांगणार नाही.

सुईत_दोरा
दुकानदार खण म्हणाला, मी खण घेतला.

रंगारी_काका
उरलेल्या तुकड्याचे उभे-आडवे दोन्ही धागे काढा, चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे रेशीम. कागद जळल्याचा वास म्हणजे सूत. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. दार-खिडकी उघडी ठेवा, पदर आवरा.

शनिवारातली
खरा खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. हल्ली खणाच्या नावाखाली काहीही खपवतात. आमच्या लग्नातला परकर...

सुईत_दोरा (दुपारी ४.३५)
गोळी झाली. दोन्ही धाग्यांची. मीटरला अडीचशे दिले होते. असो.

रंगारी_काका
पैसे गेले, पण बातमी चांगली आहे. पॉलिएस्टरचा रंग साध्या धुण्यात सहसा असा सुटत नाही. म्हणजे चोर दुसराच आहे. डाग नीट बघून सांगा, खणाच्या ठिगळाला लागून पसरलेत, की टाक्यांच्या ओळीने?

सुईत_दोरा (दुपारी ५.२०)
काका. टाक्यांच्या ओळीने आहेत. खणाजवळचं धोतर स्वच्छ आहे आणि जिथे खण नाहीच, तिथल्या प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंना गुलाबी रेघ आहे. मी काल रडत होते, बघितलंच नाही.

तिखटमीठ
दोरा लाल वापरलास????

सुईत_दोरा
पांढऱ्यावर लाल उठून दिसतो म्हणून. आट्या सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यातल्या, त्यांच्या आईच्या वेळच्या. त्यांनीच प्रेमाने काढून दिल्या. आत्ता ओला रुमाल घासला तर लालभडक झाला. हे घरात कसं सांगू? कालपासून "नवा खण आणायची हौस" हे मी ऐकून घेतेय.

घाटावरचा
जळलेली गोळी आणि लाल रुमाल टीपॉयवर ठेवून द्या, तोंडाने काही बोलू नका. हाहा.

वाकळवाली
असं काही करू नकोस गं. बारशानंतर सांग, किंवा नकोच. दोरा उसवून पांढरा घाल.

सुईत_दोरा
दीड महिन्याचे टाके तीन दिवसांत?

मिनेसोटाची_माई
उसवू नकोस. आमच्याकडे असं करतात: मोठ्या टबात कढत पाणी, दोन मोठे चमचे भांड्यांचा लिक्विड साबण, आणि दुपटं मोकळं बुडवून दहा-बारा तास सोडून द्यायचं. कोंबायचं नाही. कोपरा पाण्यावर तरंगला तर तिथेच डाग धरतो.

रंगारी_काका
हे बरोबर आहे, आणि कागदापेक्षा भरवशाचं. साठ अंश लागतं, म्हणजे बोट घातलं की लगेच काढावं लागेल एवढं. हातमोजे घाला. सुटलेला रंग साबणामुळे पाण्यातच तरंगत राहतो, परत कापडावर बसत नाही. सकाळी काचेच्या पेल्यात ते पाणी घेऊन पांढऱ्या कागदासमोर धरा. रंगीत असेल तर ओतून पुन्हा तेच. मध्ये वाळवायचं नाही. इरकल रेशमी आहे का हे विचारायचं राहिलं.

सुईत_दोरा
सुती. पदराचा रेशमी भाग घेतलाच नव्हता.

कैरी८४
एवढ्या खटाटोपापेक्षा अख्खं चहाच्या पाण्यात बुडव. सगळं बदामी. व्हिंटेज लुक!

तिखटमीठ
कैरी, तू कपड्यांपासून लांब राहा.

वाकळवाली
अवांतर आहे, पण हातटाक्यांचा विषय निघालाय म्हणून. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. ठिगळं कडेपासून लावायला घेतात आणि फिरत फिरत मध्यात येतात. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाची 'फुला' लावल्याशिवाय ती पुरी होत नाही. सुईत_दोरा, तुझ्या कोपऱ्यांना काय केलंयस? फोटो टाक ना.

शनिवारातली
कोपऱ्याला झालर लावू नये, बाळ तोंडात घालतं.

सुईत_दोरा (शुक्रवार, सकाळी ७.०५)
पहिलं पाणी रुहअफजा. दुसरं फिकट गुलाबी. तिसऱ्यात बुडवलंय. दोन रात्री बाथरूममध्ये टब असल्यामुळे नवरा शेजाऱ्यांकडे अंघोळीला जातोय. प्रश्न आता वाळण्याचा. डोंबिवलीत चार दिवस ऊन नाही.

मिनेसोटाची_माई
ड्रायरमध्ये कमी तापमानावर...

तिखटमीठ
माई, डोंबिवली.

घाटावरचा
पिळू नका. मोठ्या टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट वळकटी करा आणि वळकटीवर उभे राहून पाय द्या. टॉवेल बदलून तीन-चार वेळा. मग दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवं टाकून पंखा खालून वर सोडा. लहानपणी नदीत पडून एवढं तरी शिकलो.

रंगारी_काका
पेल्यातलं पाणी स्वच्छ दिसल्याशिवाय वाळवायला घेऊ नका. घाई झाली तर बारशाला साडी द्या, दुपटं महिन्याने द्या.

सुईत_दोरा (शनिवार, रात्री ११.४०)
चौथ्या पाण्याला पेला स्वच्छ दिसला. धोतरावरचा रंग बराचसा गेला. इस्त्री फिरली होती त्या भागात टाक्यांशेजारी पुसट गुलाबी राहिलंय, माहीत असलं तरच दिसतं. वळकटीवर मी, नवरा आणि शेजारचा मुलगा असे पाळीपाळीने नाचलो. आता पंख्याखाली आहे, कडा अजून ओलसर आहेत, सकाळपर्यंत होईल.

सासूबाईंना सांगावंच लागलं नाही. टबातलं लाल पाणी त्यांनी बघितलं, डबा उघडला, एक आटी ओल्या बोटाने चोळली आणि बोट पदराला पुसलं. पदराला लाल पट्टा. काही बोलल्या नाहीत. मघाशी माझ्यासाठी चहा केला आणि त्याच डब्यातल्या हिरव्या आट्या माझ्या पुढ्यात ठेवल्या, पुढच्या दुपट्याला म्हणून. आधी रुमालावर घासणार आहे.

काका, माई, घाटावरचे दादा, खूप आभार.

वाकळवाली
फोटो?? आणि बाळाचं नाव काय ठेवताय?

नवा_बाबा
पाळण्यात मात्र ठेवू नका.

कैरी८४
धागा वर आलाच आहे तर, नवऱ्याच्या शर्टाच्या खिशाला बॉलपेनची शाई लागलीये. ब्लीच लावलं तर आता खिसा पिवळा दिसतोय. काय करू?