हिशोब मागितला की "विश्वास कमी पडतोय" म्हणतात, तुमच्या चर्चच्या मंडळीत काय चालतं?

पलासियाकर (इंदूर):
सगळ्यांना सलाम. आमची इथे लहानशी मराठी मंडळी, बरेच जण आजोबांच्या पिढीत नगरकडून आलेले, आता पोरं घरात मराठी नि बाहेर हिंदी. गेली काही वर्षं वार्षिक सभाच नाही, कमिटी तीच, खजिनदार पाळकसाहेबांच्याच (पास्टरच्याच) घरातले, आणि छताच्या दुरुस्तीसाठी जे खास अर्पण जमवलं त्याचं पुढे काय झालं ते कोणी वाचून दाखवलं नाही. मी साधं विचारलं तर पुढच्या रविवारी उपदेशच कुरकुर करणाऱ्यांवर, रानात मोशेविरुद्ध कुरकुरणारे इस्राएल लोक वगैरे, आणि सगळे वळून माझ्याकडे बघतायत. वर एक काका समजावून गेले की बेटा दिवस बरे नाहीत, मध्य प्रदेशच्या २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य (धर्मांतराच्या) कायद्यानंतर तशीच लोकांची नजर आहे आपल्यावर, घरातलं भांडण बाहेर कशाला. थोडं पटतंही. पण मग विचारायचंच नाही का? बायको म्हणते सोडा, त्या नव्या हिंदी फेलोशिपमध्ये (स्वतंत्र चर्चमध्ये) जाऊ, पोरांना तिथली गाणी आवडतात.

फतेगंजवाली (वडोदरा):
आम्ही मेथडिस्ट पंथाच्या चर्चचे, आमच्याकडे पाळकांची नेमणूक बिशप करतात आणि बदल्या होतात, त्यामुळे एका घराचं संस्थान होत नाही. पण त्याचंही दुखणं आहे हो, माणसं ओळखीची होईतो पाळक निघाले, मग जुन्या दोन-चार घरांचंच चालतं. पोरांचं म्हणाल तर नुसत्या गिटारसाठी जातात हे मला पटत नाही. माझा मुलगा तीन वर्षं साउंड सांभाळायचा, त्याला कधी कोणी एका बैठकीला बोलावलं नाही, काम असलं की फोन, बस.

जुना सेक्रेटरी:
पलासियाकर, बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये ६ वाचा. पहिल्या मंडळीतही कुरकुर झाली होती, ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय म्हणून. म्हणजे भाषा आणि पैसा, आपलंच भांडण! प्रेषितांनी त्यांना अविश्वासू नाही ठरवलं, लोकांना म्हणाले तुमच्यातून सात जण निवडा, आणि निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे बहुतेक तक्रार करणाऱ्यांच्याच बाजूचे. २ करिंथ ८ मध्ये पौल पण यरुशलेमसाठीची वर्गणी एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला भाऊ बरोबर घेतो, कोणी बोट दाखवू नये म्हणून. पौलाला चालतं तर आपल्या पाळकांना का नाही?
दुसरं, इंदूरकडची जुनी मिशन कॅनडाची प्रेस्बिटेरियन, तिथे वडील (एल्डर, मंडळीचे कारभारी) मंडळीने निवडायचे ही रीत. १९७० ला नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं त्यात बिशपही आले आणि निवडलेली कमिटीही राहिली. तुमची मंडळी सीएनआयची असेल तर चर्चची घटना (नियमावली) मागून घ्या, सभेचे नियम लेखी असतात. आधी पाळकांना एकटं भेटा (मत्तय १८), मग सह्यांचं पत्र, त्यानंतर डायोसिस (बिशपचं कार्यालय). थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथून काही सुटत नाही.

मुरारवासी (ग्वाल्हेर):
पाळकांची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून लिहितो. लहान मंडळीत पगार वेळेवर होत नाही, रात्री दोनला कोणी गेलं तरी यांनाच उठायचं, आणि घरातला खजिनदार का, तर बऱ्याचदा बाहेरचा कोणी तयारच होत नाही म्हणून. तुम्ही व्हाल का खजिनदार? आणि वहिनींना सांगा, अशा बऱ्याच फेलोशिपमध्ये पास्टरच संस्थापक, पत्नी बरोबर, पुढे मुलगा, कमिटीच नसते. गाणी छान असतात, नाही कोण म्हणतं, पण हिशोब तिथे कुणाकडे मागणार?

पलासियाकर (इंदूर):
खजिनदार व्हायला तयार आहे, बायकोला अजून सांगितलं नाही 😄 या आठवड्यात पाळकांना घरी जाऊन भेटतो, पत्र नंतर. त्यांना पहिलं काय विचारू, छताचं की सभेचं?

जुना सेक्रेटरी:
सभेचं. तारीख ठरली की छताचा हिशोब आपोआप विषयपत्रिकेवर येतो. आणि बँक खातं दोन सह्यांचं आहे की एका सहीचं तेही विचारून घ्या, एका सहीचं असेल तर आधी ते बदलायला सांगा, नाहीतर उद्या तुम्ही खजिनदार झालात की हेच बोट तुमच्याकडे.