मांजर अचानक टब सोडून बाहेर करायला लागलं: तुमचे अनुभव सांगा

उन्हातली
आज माळा आवरताना आमच्या मांजरीचा, चिंगीचा, शी-सूचा जुना निळा टब हाताला लागला. एक बाजू करवतीने खाली कापलेली. मी शिडीवरच बसून राहिले थोडा वेळ. चिंगी जाऊन ३ वर्षं झाली. १४ वर्षं या मांजरीने एकदाही टब चुकवला नव्हता आणि अचानक टबाच्या बाहेर सू करायला लागली, तेही लांब कुठे नाही, टबाला लागून, वीतभर अंतरावर. आम्ही नुकतेच आठवडाभर बाहेर राहून आलो होतो म्हणून मला वाटलं रुसलीय, मुद्दाम करतेय. ओरडले तिच्यावर. दोनदा उचलून टबात नेऊन ठेवली तर अंग चोरून उभी राहिली, मागचा पाय थरथरत होता, दिसलं मला पण डोक्यात शिरलं नाही. मग डॉक्टरांनी कंबर चाचपली तशी किंचाळली. संधिवात. टबाची कड ७ इंच, ती ओलांडताना दुखायचं, म्हणून बिचारी जमेल तेवढं जवळ जाऊन करत होती. नवऱ्याने त्याच रात्री कड कापली, सँडपेपर मारला, सकाळी टबात लिटरचा (टबात घालतो त्या वाळूचा) ओला गोळा बघून रडले मी. ते ओरडलेले १०-१२ दिवस अजून मनातून जात नाहीत. तुमच्याकडे काय कारण निघालं? लिहा ना.

बोकोबा
बोका असेल तर वाट बघू नका!! आमचा भुऱ्या ४ वर्षांचा. दिवसभर टबात जाऊन बसायचा, उठायचा, परत बसायचा, मग बेसिनमध्ये, मग फरशीवर, सारखं खाली चाटणं. आम्ही समजलो शी होत नाहीये. रात्री ओकला आणि पोटाला हात लावू देईना. मूत्रमार्ग बंद झाला होता. बोक्यांचा तो मार्ग फार अरुंद असतो, बारीक खडे नाहीतर चिकट स्रावाचं बूच बसतं आणि सू तुंबते. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं, एक-दोन दिवसांत जीव जातो म्हणाले. भूल देऊन कॅथेटर (सू काढायची नळी), ३ दिवस सलाईन. आता ओलं खाणं आणि घरात ४ ठिकाणी पाणी. टबात बसतोय आणि लिटर कोरडंच, एवढं दिसलं की उचला आणि न्या, रात्र असली तरी.

रातराणी
बापरे. भुऱ्या आता बरा आहे ना?

बोकोबा
हो हो, आत्ता कीबोर्डवरच झोपलाय म्हणून फोनवरून लिहितोय

तीनमाऊ
आमच्याकडे ३ मांजरं आणि टब २, दोन्ही शेजारी शेजारी बाल्कनीत ठेवलेले, आम्हाला वाटायचं २ आहेत की, पण मांजरांच्या हिशोबाने तो एकच टब कारण मोठी मनी बाल्कनीच्या दारात आडवी पडायची, भांडण नाही की गुरगुरणं नाही, नुसती पडून बघत राहायची आणि धाकटी सोनू तिथूनच मागे फिरायची आणि सोफ्यामागे करायची. हे कळायला आम्हाला २ महिने लागले, तोवर ३ वेळा लिटर बदलून झालं. जेवढी मांजरं त्याहून एक टब जास्त असावा म्हणतात, पण वेगवेगळ्या जागी ठेवले तरच उपयोग. आम्ही ४ केले, एक बेडरूममध्ये आहे, वास येतो, येऊ दे, सोनू आता निवांत जाते.

रातराणी
सेम सोफ्यामागे! पण कारण वेगळं. मी हौसेने लव्हेंडरच्या वासाचं लिटर आणलं होतं आणि झाकणवाला टब. आपल्याला छान वाटतो तो वास, तिचं नाक कितीतरी तिखट, वर झाकणात कोंडलेला. दुसऱ्या दिवसापासून टब बंद. बिनवासाचं बारीक लिटर आणलं, झाकण काढलं, २ दिवसांत गाडी रुळावर. आता ब्रँड बदलायचा तर जुन्यात थोडं थोडं मिसळत जाते.

पिंगट
आमची ज्या कोपऱ्यात एकदा करते तिथेच परत परत. रोज फिनाईलने पुसते तरी

तीनमाऊ
@पिंगट फिनाईल आधी बंद करा प्लीज. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही, पायाला लागतं आणि ते पाय चाटतात. अमोनियावालं पण नको, त्याचा वास सूसारखाच वाटतो त्यांना. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते भरपूर ओतून मुरू द्यायचं, लगेच पुसायचं नाही.

पिंगट
अरे देवा. आजच बंद. १३ वर्षांची आहे हो ती

कवडसा
सू आणि फवारा यात फरक असतो हे मला खूप उशिरा कळलं. बसून भरपूर केली तर सू. उभं राहून, शेपूट ताठ, टोक थरथरतंय, भिंतीवर थोडीशीच, तर तो हद्द आखतोय. आमचा खिडकीतून बाहेरचा बोका दिसला की पडद्यावर मारायचा. नसबंदी केल्यावर काही आठवड्यांत थांबलं, बहुतेक बोक्यांचं थांबतं. शिवाय खालच्या काचेला कागद लावला.

खारूताई
थोडं अवांतर, मी ४ महिन्यांची गरोदर आहे, घरातले म्हणतायत मांजर देऊन टाक. टबामुळे काहीतरी होतं म्हणे?? रडू येतंय सारखं

रातराणी
@खारूताई देऊ नका! टॉक्सोप्लाझ्माबद्दल म्हणत असतील, मांजराच्या शीतून येणारा परजीवी, पोटातल्या बाळाला त्रास होऊ शकतो त्याने. काळजी घ्यायलाच हवी पण शीमधून ते बाहेर पडलं तरी लागण करण्याजोगं व्हायला १ ते ५ दिवस लागतात, म्हणून टब रोज साफ व्हायला हवा आणि तो तुम्ही नाही, दुसऱ्या कोणीतरी करायचा. कच्चं मांस तिला देऊ नका, बाहेर सोडू नका. तुमच्या डॉक्टरांशी बोला, रक्ततपासणी असते. माझ्या दोन्ही बाळंतपणात मांजर घरातच होती.

खारूताई
थँक्यू 🙏 नवऱ्याला वाचायला दिलं, उद्यापासून टब त्याच्याकडे

शेपूटवाला
बोकोबा तुमचं वाचून उठलो. आमचा काल संध्याकाळपासून ५-६ वेळा टबात जाऊन आलाय, लिटर कोरडं. वेदनेसाठी घरात पॅरासिटामोल आहे, देऊ का थोडी?

बोकोबा
नाही!!! पॅरासिटामोल मांजराला विष आहे, छोटा तुकडासुद्धा. काही देऊ नका, आत्ता निघा.

उन्हातली
निघालात का? कळवा प्लीज

शेपूटवाला
आलो परत. बंद नव्हतं, थेंब थेंब होत होती, रक्ताचा अंश होता. मूत्राशयाला सूज, जंतू नाहीत, ताणाने होतं म्हणाले. घरात ८ दिवस रंगकाम चालू आहे, सगळं सामान हलवलंय, त्याचा टबसुद्धा रोज इकडून तिकडे. वेदनेचं इंजेक्शन दिलंय, परत असं दिसलं तर लगेच आणा म्हणाले. आता एक खोली त्याचीच, टब पाणी पांघरूण सगळं आत, रंगारी तिकडे जाणार नाहीत. खाल्लं थोडं.

बोकोबा
हुश्श. झोपा आता

पिंगट
@उन्हातली कड किती ठेवली होती? आमच्या टबाची पण ६-७ इंच आहे, आज नीट बघितलं तर आत जाताना थांबते ती एकदा

उन्हातली
२ इंच, पण फक्त पुढची बाजू. बाकी तीन तशाच ठेवा नाहीतर लिटर घरभर. सँडपेपर विसरू नका, धार लागते पोटाला. आणि त्याआधी डॉक्टरांना दाखवा, या वयात किडनी, शुगर पण बघतात. पाणी जास्त पितेय का?

पिंगट
हो. वाडगा दोनदा भरावा लागतो हल्ली. सकाळी नेते