समाज कल्याण खात्यात पैसा आहे, मग माणसं कुठे आहेत?

खानापूरकर
काल 'सीमावासी' यांनी लिहिलं, "समाज कल्याणला निधी भरपूर, हॉस्टेलचे वॉर्डनच कामचुकार." वाचून राहवलं नाही. माझी बहीण इथं कर्नाटकात, या खात्याच्या मुलींच्या हॉस्टेलात वॉर्डन आहे. शेजारच्या हॉस्टेलचं पद रिकामं, म्हणून तिथला चार्जही तिच्याकडेच. सकाळी इकडची हजेरी, मग बसने तिकडं. भाजीची बिलं, सिलिंडर, ऑनलाइन नोंदी, अंधार पडायच्या आत परत. स्वयंपाकिणी आणि वॉचमन आउटसोर्सवर, त्यांचा पगार एजन्सीकडून, तोही रखडत. दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकिणीला बहिणीने पदरचे पैसे दिलेत. आणि ट्रेनिंग? पोर्टलवर माहिती कशी भरायची एवढंच शिकवतात. पहिल्यांदा घर सोडून आलेली पोर रात्रभर रडते, तिला कसं सावरायचं ते कुणी शिकवत नाही.

सीमावासी
तुमच्या बहिणीचं मान्य. पण एका बहिणीवरून खातं ठरत नाही. कर्नाटकच्या 2013 च्या कायद्याने विकासाच्या बजेटातला 24.1 टक्के निधी एससी-एसटीसाठी बांधलेला आहे. असा कायदा किती राज्यांत आहे? माझा पुतण्या हॉस्टेलात होता. आमटी म्हणजे हळदीचं पाणी, आणि गादी अशी की पोरं सतरंजीवर झोपायची. पद रिकामं आहे म्हणून डाळ पातळ होत नाही, मधे कुणीतरी खातंय.

निपाणीकर
24.1 टक्के कागदावर! 2023-24 मध्ये त्याच निधीतले 11 हजार कोटींच्या आसपास, निवडणुकीत कबूल केलेल्या गॅरंटी योजनांकडे वळवले. हॉस्टेलला काय उरणार?

चिकोडीची सून
गॅरंटीला नावं ठेवू नका. त्यातल्याच गृहलक्ष्मीच्या महिन्याच्या 2000 रुपयांत माझ्या सासूबाईंची बीपीची औषधं येतात. आम्हीही एससीच आहोत. तो पैसा आमच्याच घरात आलाय.

निपाणीकर
ताई, गृहलक्ष्मी सगळ्याच जातींच्या बायकांना मिळते. मग आपल्या वाट्याचा पैसा वेगळा राखून उपयोग काय?

शहापूरकर
मूळ दुखणं कुणी बोलेना. अर्ज कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, फोनवरचा माणूसही कन्नडमध्येच बोलणार. 15 टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं त्यांच्या भाषेत परिपत्रकं द्यायची हे ठरलेलं आहे. आमच्या गल्लीतल्या आजीची संध्या सुरक्षाची, म्हणजे म्हातारपणाची, पेन्शन बंद झाली. कारण लिहिलेला कागद घरातच होता, तो वाचायला माणूस मिळेना.

गोकाकवाला
आलं परत भाषेवर! माझंही घर मराठी, मी कन्नड शिकलो, नोकरी लागली. कन्नड पोरांच्या ताटातही तीच पातळ आमटी पडते ओ.

शहापूरकर
तुम्ही शिकलात, चांगलं झालं. सत्तरीची बाई आता पाटी घेऊन बसणार काय? 2004 पासून महाराष्ट्राचा सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. निकालाची वाट बघत किती माणसं गेली, आणि तुम्ही आम्हाला नोकरीचं सांगताय!

गोकाकवाला
आवाज चढवू नका. मी कुणाची पेन्शन थांबवलेली नाही.

खानापूरकर
दोघंही थांबा. कोर्टाचा निकाल लागेल तेव्हा लागेल, हॉस्टेलात आज रात्री माणूस पाहिजे. जांबोटी, कणकुंबीकडच्या पोरी मराठीच बोलतात. एजन्सीने पाठवलेल्या कन्नड स्वयंपाकिणीला त्यांचं "पोटात दुखतंय" कळत नाही. त्यामुळे शहापूरकरांचा मुद्दा खोटा नाही. पण आधी पद भरा, मग त्या माणसाला इथली भाषा शिकवा.

सीमावासी
बरं, दोन-दोन चार्ज असलेल्यांपुरता 'कामचुकार' शब्द मागे घेतो. एकच हॉस्टेल सांभाळून रात्री घरी जाऊन झोपणाऱ्यांना मात्र सोडणार नाही.

खानापूरकर
झोपायला जागा कुठे आहे ते आधी बघून या. बहिणीची खाट तांदळाच्या पोत्यांना लागून आहे. मी माहिती अधिकारात विचारतोय: तालुक्यात मंजूर पदं किती, भरलेली किती, कुणाकडे किती चार्ज. सह्या करा.

गोकाकवाला
कन्नडमध्ये लिहा, मराठीत दिला तर परत पाठवतील. मी लिहून देतो.

शहापूरकर
सोबत मराठी प्रत जोडणार असाल तरच माझी सही.